बुद्धिबळाचे अध्ययन : कूटस्थितीपासून अभिजात डावांपर्यंत

प्रस्तावना :
बुद्धिबळाच्या भारतीय उगमाची चर्चा विपुल प्रमाणात होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातही या खेळाचे वर्णन आहे. मात्र हा खेळ शिकला कसा जाई, हा प्रश्न सहसा मागे पडतो. महाराष्ट्रातील बुद्धिबळाच्या अध्ययनाचे साधन सुट्या कूटस्थितींकडून संपूर्ण डावांच्या नोंदींकडे कसे वळले आणि त्यामुळे काय साध्य झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

परंपरागत अध्ययन :
देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजास एकदा घोड्याची चाल खेळण्याची मुभा असे. प्रांतपरत्वे या नियमांत भेदही होते. प्याद्याने केलेली मात विशेष प्रतिष्ठेची मानली जाई. त्यामुळे ठरावीक स्थितीतून ठरावीक प्रकारे मात साधणे, हा अध्ययनाचा स्वाभाविक मार्ग ठरला.

या परंपरेचा महत्त्वाचा मुद्रित पुरावा मुंबईत मिळतो. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये, म्हणजे पेशवाईच्या अस्तापूर्वी चार वर्षे, तेथे प्रसिद्ध झाले. युरोपीय खेळपद्धतीशी जुळवून घेतलेल्या या ग्रंथात मुख्यत्वे निवडक स्थिती आहेत. शिकणाऱ्याची सुधारणा व स्मरणशक्तीला व्यायाम हा त्यांचा उद्देश शीर्षकातच सांगितलेला आहे. देशी शास्त्र्याने परक्या नियमांचा स्वीकार केला, परंतु शिकवण्याची रीत कूटस्थितीचीच ठेवली.

नोंदीचे महत्त्व :
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी व जॉन कॉक्रेन यांच्यात अनेक डाव झाले. कॉक्रेन यांनी त्यांच्या नोंदी ठेवल्यामुळे महेशचंद्रांचा खेळ आजही अभ्यासता येतो आणि ‘इंडियन डिफेन्स’ या नावात त्याची खूण उरली आहे. लिहिलेला डाव पिढ्या ओलांडतो. न लिहिलेला डाव खेळाडूंबरोबरच संपतो.

संपूर्ण डाव काय शिकवतो? :
पॉल मॉर्फी यांनी १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकचे ड्यूक व काउंट इसुआर यांच्याविरुद्ध खेळलेला सतरा चालींचा डाव या दृष्टीने उद्बोधक आहे. सोळाव्या चालीत मॉर्फी वजिराचे बलिदान देतात व सतराव्या चालीत हत्ती डी८ घरात जाऊन मात होते. हीच स्थिती कूट म्हणून मांडली, तर विद्यार्थी ‘दोन चालींत मात’ शोधेल. परंतु ती स्थिती उद्भवली कशी, हे त्याला कळणार नाही.

त्याचे उत्तर आधीच्या चालींत आहे. आठव्या चालीत बी७ घरातील प्यादे मारणे शक्य असता मॉर्फी घोडा बाहेर काढतात, कारण प्याद्याच्या लोभाने वजिरांची अदलाबदल होऊन आक्रमण मंदावले असते. दहाव्या चालीत ते घोडा देतात. बाराव्या चालीत किल्लेकोट करताच हत्ती डी पट्टीवर येतो. काळ्याचा एक हत्ती व एक उंट मात्र अखेरपर्यंत मूळ घरांतच राहतात. मोहऱ्यांचा जलद विकास ही व्यूहनीती आणि बलिदान हे तिचे फलित, हा कार्यकारणसंबंध केवळ संपूर्ण डावातूनच उलगडतो. देशी नियमांत तर ही बारावी चालच संभवली नसती.

पंजाबचे मीर सुलतान खान देशी बुद्धिबळावर घडले. त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत कापाब्लांका यांना नमवले. डावाची सुरुवात ही मात्र त्यांची दुबळी बाजू मानली जाते. प्रतिभेला परंपरेची पूरकता लागते, हेच यातून सूचित होते.

महाराष्ट्रातील स्थित्यंतर :
सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये स्थापन केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने संघटित खेळाला बळ दिले. १९५५ मध्ये एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. १९७४ मध्ये पहिले महिला राष्ट्रीय अजिंक्यपद वासंती खाडिलकर यांनी पटकावले. स्पर्धात्मक खेळात चाली लिहून ठेवाव्या लागतात. परिणामी प्रत्येक डाव स्पर्धेचा निकाल ठरवतो, तसाच उद्याचा पाठही बनतो.

निष्कर्ष :
कूटस्थितीचे मूल्य कमी नाही. डावपेचांची नजर तिनेच तयार होते. तथापि व्यूहनीतीचे आकलन अभिजात डावांवाचून अपुरे राहते. दुसरे असे की, दरबारी आश्रय किंवा जाणत्या गुरूचा सहवास ज्यांना लाभत नाही, अशांसाठी डावाची नोंद हाच गुरू ठरतो. इंदापूर-बारामती परिसरातील ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एक पट, एक छापील डाव आणि पुढची चाल झाकून ती स्वतः शोधण्याची शिस्त एवढ्यावर अध्ययन सुरू होऊ शकते. स्वतःची चाल व मॉर्फींची चाल यांत जेथे फरक पडतो, तेथे त्याचे कारण शोधणे, हीच या अध्ययनाची खरी पायरी होय. इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांचे वाचन असेच करावे लागते : निकाल ठाऊक असूनही तो ज्या निर्णयांतून घडला, त्यांचा क्रमाने शोध घ्यावा लागतो.