उंचीच्या पट्टीपाशी पोरांना का अडवतात? अम्युझमेंट पार्कला जायच्या आधी हे वाचाच

मे महिन्याची सुट्टी. दोन गाड्यांत कोंबलेलं आख्खं कुटुंब, आत नेऊ देणार नाहीत हे माहीत असूनही आजीने बांधून घेतलेली थालीपीठं, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरून खोपोलीची वाट. तासभर रांगेत उभं राहिल्यावर नंबर येतो. दारावरचा पोरगा उंचीची पट्टी पुढे करतो आणि धाकटं चिरंजीव दोन बोटं कमी भरतात.

मग जो संवाद होतो तो राज्यातल्या कुठल्याही पार्कात ऐकायला मिळेल. "अहो दादा, दोन बोटांचा तर प्रश्न आहे. मी धरून बसतो ना त्याला!"

सगळी गोची या 'मी धरून बसतो'मध्येच आहे.

रोलर कोस्टर उतारावरून खाली येऊन वळतो, तेव्हा शरीराला आपलं वजन दुप्पट-तिप्पट झाल्यासारखं वाटतं. याला 'जी-फोर्स' म्हणतात. तीन जी म्हणजे 20 किलोचं पोरगं त्या क्षणी 60 किलोच्या पोत्यासारखं ओढलं जातं. 60 किलोचं पोतं एका हाताने कुणी धरून दाखवावं! पुढच्याच सेकंदाला गाडी चढावाच्या टोकावरून जाते, तेव्हा उलटं होतं. बसलेला माणूस सीटवरून वर उचलला जातो. पोटात गोळा येतो तो इथेच. अशा वेळी बापाचेच पाय अधांतरी असतात, तो पोराला काय धरणार?

त्यामुळे माणसाला सीटवर ठेवायचं काम फक्त त्या लोखंडी दांड्याचं किंवा खांद्यावरून खाली येणाऱ्या हार्नेसचं. आणि हा दांडा बनतो ठरावीक आकाराच्या शरीरासाठी. तो मांड्यांवर, कमरेच्या हाडांजवळ घट्ट बसला पाहिजे. मूल बुटकं असेल तर खाली फट राहते आणि ते त्यातून सरकू शकतं. काही राइड्समध्ये दोघांना मिळून एकच दांडा असतो. तिथे तर धोका आणखी मोठा, कारण दांडा अडतो तो शेजारच्या बाबांच्या पोटाला. बाबा एकदम सुरक्षित, पण पोराच्या मांडीपासून दांडा वीतभर लांब. म्हणजे बाबा शेजारी बसल्याने मूल सुरक्षित होत नाही, कधी कधी नेमकं उलट होतं.

जाड टाचेचे बूट घालून किंवा केसांचा अंबाडा बांधून पट्टी गाठायची हुशारी किती महागात पडू शकते, हे यावरून समजून घ्या.

मग वय का नाही विचारत? कारण वय खोटं सांगता येतं, आणि दांड्याला वय कळत नाही. आठ वर्षांची दोन मुलं शेजारी उभी केली तर उंचीत सहज वीतभर फरक निघतो. शिवाय लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, त्यामुळे झटके त्यांना जास्त लागतात. काही राइड्सना कमाल उंचीचीही मर्यादा असते. उंच माणसाने हात वर केले तर ते खांबाला किंवा छताला लागू नयेत म्हणून.

मानेचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाचा उलटा फिरवणारा कोस्टर सुरू झाला. त्याचा फेरा अगदी गोल होता. वेगात आलेली गाडी त्या गोलात शिरताच एवढा झटका बसायचा की लोक मान चोळत उतरायचे. हा प्रश्न नीट सुटायला 1976 उजाडलं. कॅलिफोर्नियात 'ग्रेट अमेरिकन रिव्होल्युशन'साठी वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने फेरा पाण्याच्या थेंबासारखा केला. गाडीचा वेग जास्त असतो तिथे, म्हणजे खाली, वळण मोठं. वर गाडी हळू होते तिथे वळण लहान. झटका विभागला गेला. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये 2013 पासून असलेला 'नायट्रो' पाच वेळा उलटा होतो, पायाखाली फळीसुद्धा नाही. त्यातले उभे फेरे खालून नीट बघा, पूर्ण गोल दिसणार नाहीत.

राइड मध्येच थांबली तर?

व्हॉट्सअॅपवर असे व्हिडिओ फिरतात आणि लोक घाबरतात. पण बऱ्याचदा थांबणं हीच सुरक्षा असते. कोस्टरचा रूळ तुकड्यांमध्ये विभागलेला असतो आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, असा नियम असतो. साधारण रेल्वेच्या सिग्नलसारखं. पुढचा तुकडा मोकळा नसेल तर मागची गाडी आपोआप थांबते.

हे डावललं की काय होतं, ते 2 जून 2015 रोजी इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये दिसलं. 'स्मायलर' कोस्टरवर चाचणीची रिकामी गाडी अडकून पडली होती. यंत्रणेने मागची गाडी बरोबर थांबवली. कर्मचाऱ्यांना वाटलं यंत्रणाच चुकतेय, म्हणून त्यांनी ते थांबणं बाजूला सारून गाडी सोडली. गाडीत 16 जण होते. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पार्क चालवणाऱ्या कंपनीला 2016 मध्ये 50 लाख पौंडांचा दंड झाला. आपल्याकडे 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोक्यासारखी हलणारी राइडच तुटून पडली आणि दोघांचा जीव गेला.

म्हणून राइड अडकली तर दांडा जोर लावून उघडायचा प्रयत्न करायचा नाही. कर्मचारी येईपर्यंत बसून राहायचं, कितीही कंटाळा आला तरी.

वॉटर पार्कमधलं भांडण वेगळं. तिथे वाद कपड्यांवरून. 'नायलॉनचा कॉश्च्यूम घ्या, नाहीतर पाण्यात उतरता येणार नाही' हे ऐकून लोकांना वाटतं भाड्याचे पैसे उकळायचा धंदा आहे. थोडं तसं असेलही, पण कारण खरं आहे. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, घसरगुंडीवर अडकतो, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. ओढणी किंवा साडीचा पदर तर सरळ धोकादायक. फक्त हा नियम तिकीट काढतानाच मोठ्या अक्षरांत सांगायला हवा. पाचवारी नेसून आलेल्या आजीला पैसे भरल्यावर पाण्याच्या काठाशी सांगण्यात काय अर्थ?

आणि हो, तलावातला तो उग्र वास स्वच्छतेचा नसतो. क्लोरीन घाम आणि लघवीत मिसळलं की क्लोरामाइन नावाची रसायनं तयार होतात. वास त्यांचा, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांच्याचमुळे. पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करा अशी पाटी असते ती यासाठी.

निघायच्या आदल्या दिवशी घरीच बूट काढून मुलांची उंची भिंतीवर मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर कुठल्या राइडला किती उंची लागते ते बघून ठेवा. कुठे बसता येणार नाही हे धाकट्याला घरीच सांगून टाका. रांगेत तासभर उभं राहून कळलं तर तो भोकाड पसरणारच. मोठ्यांना राइड करायचीच असेल तर आई-बाबांनी आळीपाळीने जावं. परदेशातल्या काही पार्कांत दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. तशी सोय आहे का, हे इथेही दारावर विचारून बघायला काही हरकत नाही.