छावणी, छळछावणी आणि संहारकेंद्र

हिंगोलीत ‘छावणी’ या शब्दाने कुणी दचकत नाही. हैदराबाद कंटिंजंटचे लष्करी ठाणे येथे १९०३ पर्यंत होते. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे त्या ठाण्याची घडण आजही सांगतात : पायदळ कुठे, घोडदळ कुठे, निवृत्त शिपाई कुठे आणि या साऱ्यांची पेठ कुठे. छावणी म्हणजे मुळात माणसांची हेतुपूर्वक केलेली मांडणी. तिच्यामागे ‘छळ’ हा शब्द जोडला, की ही मांडणी नजरेआड होते आणि क्रौर्याची एक धूसर प्रतिमा तेवढी उरते. नाझी राजवटीविषयी मराठीत वाचताना आणि शिकवताना या एका शब्दावर आपण फार भार टाकला आहे.

मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. ४ ऑगस्ट १९४४ रोजी अटक झाल्यावर अ‍ॅन फ्रँकची रवानगी प्रथम वेस्टरबोर्कला, सप्टेंबरात ऑशविट्झला आणि त्यानंतर बर्गन-बेल्सनला झाली. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ती तिथेच मरण पावली. मराठीत आपण या तिन्ही ठिकाणांना ‘छळछावणी’च म्हणतो. प्रत्यक्षात पहिले ठिकाण ज्यूंना पूर्वेकडे पाठवण्यापूर्वी थांबवण्याचा तळ होते. दुसऱ्यात वेठबिगार आणि सामूहिक हत्या शेजारीशेजारी चालत. तिसऱ्यात विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्या, परंतु गर्दी, उपासमार आणि टायफस यांनी हजारोंचे बळी घेतले.

या व्यवस्थेचा पाया डाखाऊ येथे २२ मार्च १९३३ रोजी घातला गेला. तेथील कमांडंट थिओडोर आयके याने शिक्षांची आणि पहाऱ्याची जी नियमावली बसवली, तीच पुढे इतर छावण्यांचा नमुना ठरली. प्रत्येक छावणीत कमांडंटची कचेरी, राजकीय विभाग, कैद्यांच्या आवाराचा विभाग, प्रशासन आणि वैद्यकीय विभाग अशी वाटणी असे. कैद्यांच्या कपड्यांवरील रंगीत त्रिकोणांवरून त्यांचे वर्ग ठरत आणि त्यांच्यातूनच नेमलेले ‘कापो’ त्यांच्यावर देखरेख करीत. मार्च १९४२ मध्ये हा सारा कारभार ओस्वाल्ड पोल याच्या आर्थिक व प्रशासकीय मुख्य कचेरीकडे गेला. माणसाचे श्रम हा आता हिशेबवहीतला एक रकाना झाला. नोव्हेंबर १९४३ मध्ये ऑशविट्झचे तीन भाग करण्यात आले : मूळ छावणी, बिर्केनाऊ आणि आय. जी. फार्बेनच्या कारखान्यासाठी मजूर पुरवणारे मोनोविट्झ. याशिवाय चाळीसहून अधिक उपछावण्या होत्या.

बेल्झेक, सोबिबोर आणि त्रेब्लिंका यांची घडण याहून निराळी. ही केंद्रे पोलच्या कचेरीखाली नव्हती. लुब्लिनचा ओडिलो ग्लोबोचनिक त्यांचा सूत्रधार होता. प्रत्येक ठिकाणी वीस-तीस जर्मन आणि शंभरेक साहाय्यक पहारेकरी एवढाच ताफा. मोठ्या बराकी, कारखाने, कैद्यांचे क्रमांक यांची तिथे गरजच नव्हती, कारण येणाऱ्यांपैकी बहुतेकांना काही तासांतच मारले जाई. या तीन ठिकाणी मिळून सुमारे १७ लाख ज्यूंचा संहार झाला. येथे ‘छळछावणी’ हा शब्द अपुरा पडतो. छळ करायचा तर माणूस निदान जिवंत ठेवावा लागतो.

याच युद्धाच्या काळात महाराष्ट्रातही काटेरी कुंपणे उभी होती. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मनांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरवून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, डांबले. त्यांत हिटलरचे समर्थक होते, तसे हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. पारपत्र जर्मन, एवढा एकच निकष दोघांना एका कुंपणात आणण्यास पुरेसा ठरला. यथावकाश चौकशी होऊन अनेक ज्यूंची सुटका झाली. हा अन्याय होता, परंतु ती नजरकैद होती. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे तर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, मुख्यतः स्त्रिया व मुलांना, आसरा मिळाला. तिलाही आपण छावणीच म्हणतो.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. सगळ्या कुंपणांना एकच नाव दिले, तर अहमदनगर आणि त्रेब्लिंका यांतील अंतर पुसले जाते; आणि एखाद्या छावणीत वायूच्या कोठड्या नव्हत्या, एवढ्या आधारावर साऱ्या संहाराविषयीच शंका पेरणाऱ्यांचे काम सोपे होते. शिवाय ‘छळ’ म्हटले की डोळ्यांपुढे चाबूक घेतलेला क्रूर पहारेकरी येतो. आगगाड्यांचे वेळापत्रक आखणारा, मजुरांच्या याद्या करणारा, मृतांच्या सामानाची नोंद ठेवणारा कारकून या चित्रातून निसटतो. त्याच्यावाचून ही यंत्रणा एक दिवसही चालली नसती. म्हणून वर्गात हा विषय निघाला, की विद्यार्थ्यांपुढे निदान चार शब्द वेगवेगळे ठेवावेत : नजरकैद, संक्रमण तळ, छळछावणी आणि संहारकेंद्र. आणि प्रत्येक ठिकाणाविषयी एक प्रश्न आवर्जून विचारावा : येथे माणसांना कशासाठी आणले जात होते?