कातर आणि सांधा



हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. नामदेवांचे घराणे शिंप्याचे. गज, कातर आणि सुई ही त्या घरातील नित्याची साधने. नामदेवांच्या रचनांतही ती रूपके होऊन आली आहेत. शिंप्याची कातर कापते ती शिवण्यासाठी. काय ठेवावे आणि कशाला काय जोडावे, हे कापण्यापूर्वीच त्याच्या डोळ्यांपुढे असावे लागते. आज ज्या कारागिराविषयी मी बोलणार आहे, त्याचेही आयुष्य कातर आणि सांधा यांतच गेले. त्याचे कापड मात्र चित्रपटाच्या फितीचे होते. त्याचे नाव वामन भोसले.

या कलेस आपण संकलन म्हणतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्या काळी हे सारे घरचेच काम होते. सरस्वतीबाई फाळके स्वतः फितीस छिद्रे पाडीत आणि ती रसायनांत धूत. पुढे १९३१ साली बोलपट अवतरला. चित्राची फीत आणि ध्वनीची फीत यांचा मेळ घालण्याचे काम वाढले, आणि संकलनाचे खाते स्वतंत्र प्रतिष्ठेस चढले.

हे काम किती सूक्ष्म असते, याचा हिशेब पाहावा. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात आणि पडद्यावर सेकंदास २४ चित्रे सरकतात. म्हणजे मिनिटास ९० फूट आणि तीन तासांच्या चित्रपटास १६,२०० फूट फीत लागते. चित्रित केलेली फीत याच्या कितीतरी पट असते. त्या ढिगाऱ्यातून एकेक तुकडा निवडायचा, छोट्या यंत्रावर पुढेमागे फिरवून पाहायचा, नेमक्या चित्रावर खूण करायची, कापायचा आणि जोडायचा. सांधा आठ चित्रे उशिरा पडला, तर सेकंदाचा तिसरा हिस्सा चुकतो. आणि तेवढ्याने विनोदाचे हसे होते, किंवा आसवांचा ओघ आटतो.

भोसले यांचा जन्म १९३२ साली गोव्यातील पोंबुर्फा या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. १९५२ साली पोटापाण्याच्या शोधात ते मुंबईस आले आणि बॉम्बे टॉकीजमध्ये संकलक डी. एन. पै यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. त्यानंतर गोरेगावच्या फिल्मिस्तानमध्ये त्यांनी सुमारे बारा वर्षे साहाय्यकाचे काम केले. बारा वर्षे ही आपल्याकडे तपाची मुदत मानतात. राज खोसला यांच्या १९६९ सालच्या ‘दो रास्ते’ने त्यांना स्वतंत्र संकलक म्हणून उभे केले. या चित्रपटाची कथा चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘नीलांबरी’ या मराठी कादंबरीवरून घेतली होती.

त्यांचे सहकारी गुरुदत्त शिराळी. पडद्यावर ही दोन नावे जोडीनेच येत. यांतील कोणता सांधा कोणाचा, हे चित्रपट पाहून ओळखता येत नाही. आणि भागीदारी खरी असेल, तर ते ओळखता येऊही नये. ‘आँधी’ (१९७५) मध्ये वर्तमानातील भेट आणि भूतकाळातील संसार एकमेकांत गुंतलेले आहेत. प्रेक्षकाला ना वाट चुकल्यासारखे वाटावे, ना ओढून नेल्यासारखे, ही तेथील कसोटी होती. ‘इन्कार’ (१९७७) ची जात निराळी. अकिरा कुरोसावा यांच्या १९६३ सालच्या जपानी चित्रपटावर ही कथा आधारलेली आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी रंगविलेल्या धनिकापुढे पेच असा, की पळविलेले मूल दुसऱ्याचे, पण खंडणी मागितली जाते ती आपल्याकडे. येथे प्रत्येक क्षण ताणावा लागतो, पण तुटू द्यायचा नाही.

या ‘इन्कार’साठी दोघांना संकलनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाचे पहिले मानकरी हेच. ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली मिळाले होते. म्हणजे शासनाने चित्रपटांचा गौरव करण्यास आरंभ केल्यावर, त्या चित्रपटांना आकार देणाऱ्या कातरीकडे लक्ष जाण्यास दोन तपे उलटली! या विलंबात कोणाचा द्वेष नव्हता. कारण या कलेच्या स्वभावातच आहे. नटाचा अभिनय दिसतो, गवयाचा गळा ऐकू येतो. संकलकाचा सांधा दिसला की तो फसला. ज्याचे यश न दिसण्यात आहे, त्याची आठवण समाजाने प्रयत्नपूर्वकच ठेवावी लागते.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. जे चित्रित झालेच नाही, ते संकलक निर्माण करू शकत नाही, आणि अखेरचा शब्द दिग्दर्शकाचा असतो. हे खरे आहे. परंतु सूत आपण कातले नाही, म्हणून अंगरखा बेतणाऱ्याचे श्रेय कमी होत नाही.

पुढे ‘कर्ज’, ‘अग्निपथ’, ‘सौदागर’ असे चित्रपट त्यांच्या हातून गेले. एकूण संख्या दोनशेंच्या पुढे गेली. दरम्यान संगणक आला, आणि फितीचा स्पर्श बोटांपासून दुरावला. २६ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत वामन भोसले निवर्तले.

यापुढे जुना चित्रपट पाहाल, तेव्हा आरंभीच्या नामावळीत संकलकाच्या नावाशी क्षणभर थांबा. सेकंदास २४ चित्रांच्या हिशेबाने, तेवढा क्षण त्या माणसाने आपल्यासाठी कितीदा तरी वाचविलेला असतो.