रेड वाइन मुरते म्हणजे नेमकं काय होतं? जुन्या बाटलीची चव कशी ओळखायची?

'वाइन जितकी जुनी तितकी भारी' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं की कुणी त्यावर शंकाच घेत नाही. त्यामुळेच भेट मिळालेली रेड वाइनची एखादी बाटली अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात वर्षानुवर्षं उभी असते. खास दिवस आला की उघडू म्हणून ठेवलेली. आणि दहा वर्षांनी ती उघडली की ग्लासात येतं तपकिरी, मरगळलेलं, जुन्या मनुकांसारखा वास मारणारं पाणी.

यात बाटलीचा दोष नसतो. जगात तयार होणारी बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनवलेली असते. वर्षानुवर्षं मुरून चांगली होणारी वाइन हा त्यातला छोटा हिस्सा. त्या छोट्या हिश्श्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं रेड ब्लेंड.

ब्लेंड म्हणजे काय?

एकापेक्षा जास्त जातींच्या द्राक्षांपासून केलेली वाइन. बोर्दोच्या रेडमध्ये प्रामुख्याने काबर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो या दोन जाती असतात. जोडीला काबर्ने फ्रां, थोडी पेटी व्हर्दो, क्वचित माल्बेक. जिरोंद नदीच्या डाव्या तीरावर, म्हणजे मेदोक भागात, काबर्ने सोव्हिन्योंचा वरचष्मा असतो. उजव्या बाजूच्या सेंत-एमिलियों आणि पोमरोलमध्ये मेर्लोचं राज्य.

मिसळण्यामागचं कारण अगदी शेतकऱ्याचं आहे. मेर्लो लवकर पिकते, काबर्ने उशिरा. एका जातीला पावसाने किंवा थंडीने मारलं तर दुसरी हात देते. चवीच्या बाजूनेही जोडी जमते. काबर्ने सोव्हिन्योंचे मणी लहान आणि साल जाड, त्यामुळे तिच्यात तुरटपणा जास्त. मेर्लो तुलनेने गुबगुबीत, मऊ, फळाची चव पुढे आणणारी. एक हाडं देते, दुसरी मांस.

बंद बाटलीत चालतं काय?

लोणचं मुरतं म्हणजे काय होतं हे मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात मीठ वेगळं, तिखट वेगळं, कैरी वेगळी लागते आणि काही महिन्यांनी त्या सगळ्याची मिळून एकच चव होते. वाइनचंही ढोबळमानाने तसंच. फक्त इथे काम करतात ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेले दोन घटक.

पहिला अँथोसायनिन, म्हणजे रंग. जांभळाला जांभळा रंग देणारे घटकही याच कुळातले. दुसरा टॅनिन, म्हणजे तुरटपणा. टॅनिन जिभेवरच्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. कच्चं केळं, हिरडा, जास्त उकळलेला कोरा चहा यांनी होतं तेच. इंग्रजीत वाइनवर लिहिणाऱ्यांना ही भावना समजावून सांगायला परिच्छेद खर्च करावे लागतात. मराठीत 'तुरट' म्हटलं की झालं.

बाटली बंद झाल्यावर हे दोन्ही घटक एकमेकांना धरून मोठमोठ्या साखळ्या बनवू लागतात. बुचातून अत्यंत कमी, वर्षाला साधारण एखादा मिलिग्रॅम ऑक्सिजन आत झिरपतो, तो या कामाला मदत करतो. साखळी फार मोठी झाली की ती द्रवात टिकत नाही, खाली बसते. जुन्या वाइनच्या तळाशी दिसणारा काळपट गाळ तो हाच. गाळ दिसला म्हणून वाइन खराब झाली असं नसतं. उलट चांगल्या जुन्या रेडमध्ये तो असणारच.

गाळासोबत रंगही कमी होतो आणि उरलेल्या तुरटपणाची धारही बोथट होते. आंबटपणा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून मुळातच आंबटपणा कमी असलेली वाइन म्हातारपणी सपक लागते.

दोन वर्षांची, दहा वर्षांची, पंचवीस वर्षांची

मेदोकमधल्या चांगल्या घराण्याचं ब्लेंड तरुण असताना ग्लासात गडद जांभळं दिसतं, कडेपर्यंत. वास काळ्या बेरींचा, थोडा ओल्या हिरव्या पानांचा आणि ज्या ओकच्या 225 लिटरच्या पिंपात ते वर्ष-दीड वर्ष ठेवलेलं असतं, त्या लाकडाचा आणि व्हॅनिलाचा. काही वर्षी त्यात हिरव्या ढोबळी मिरचीचा वासही असतो. तो पायराझिन नावाच्या संयुगाचा. द्राक्षं पूर्ण पिकली नाहीत की तो वाढतो. ही वाइन तोंडात घेतली की आधी फळ, मग लगेच तुरटपणाची चपराक. हिरड्या आखडतात. पहिल्यांदा पिणाऱ्याला यात काय मोठं असा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे.

मधल्या वर्षांत एक विचित्र टप्पा येऊ शकतो. तरुणपणाचं फळ ओसरलेलं, जुनेपणाचे वास अजून आलेले नाहीत. वाइन गप्प होते, वासच देत नाही. याचं नेमकं रसायन अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण अनुभवी चाखणारे याला चांगलंच ओळखतात आणि बाटली परत ठेवून देतात.

दहा-बारा वर्षांनंतर कडेचा रंग विटकरीकडे झुकतो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की हे स्पष्ट दिसतं आणि वयाचा अंदाज घ्यायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. फळ ताजं न राहता सुकवलेलं वाटतं. त्यामागून देवदाराचं लाकूड, सिगारचा डबा, कमावलेलं चामडं असे वास येतात. तुरटपणा असतो, पण बोचत नाही.

पंचवीस-तीस वर्षांत, वर्ष चांगलं असेल आणि साठवण नीट झाली असेल तर, सुकी पानं, पावसाळ्यातल्या अळंब्या, ओली माती. ब्लेंडमधली कोणती चव कोणत्या द्राक्षाची हे आता सांगणं कठीण. हे वास सगळ्यांना आवडतीलच असं नाही. ज्याला फळाची चव हवी आहे त्याने तीस वर्षं थांबून पैसे घालवण्यात काही अर्थ नाही, त्याने तरुण वाइनच प्यावी.

आणि प्रत्येक वाइनचा शेवट सुखाचा होत नाही. बोर्दोमध्ये 1975 चा हंगाम याचं नेहमीचं उदाहरण. त्या वर्षीच्या अनेक वाइन इतक्या तुरट होत्या की लोक तुरटपणा मऊ व्हायची वाट पाहत राहिले आणि तोवर फळच संपलं. मागे उरला तो कोरडेपणा.

थांबण्यावरून झालेला वाद

24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने एक चाखणी ठेवली. नावं झाकलेली, परीक्षक फ्रेंच. रेडमध्ये बोर्दोच्या चार आणि कॅलिफोर्नियाच्या सहा वाइन होत्या. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, 1973 सालची, म्हणजे जेमतेम तीन वर्षांची. शातो मूतों रोथशिल्ड 1970 दुसरी.

फ्रान्सकडून उत्तर आलं ते असं: कॅलिफोर्नियाच्या वाइन तरुणपणी चमकतात, आमच्या मुरायला वेळ लागतो, थांबा आणि मग बघा. युक्तिवाद चुकीचा नव्हता. पाच-सहा वर्षांचं बोर्दो म्हणजे खरोखरच अर्धवट मुरलेलं लोणचं.

मग लोक थांबले. बरोबर 30 वर्षांनी, 24 मे 2006 रोजी, त्याच रेड वाइन लंडन आणि नापा इथे एकाच दिवशी पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे. सगळ्यात वर होती रिज माँटे बेलो 1971, जी पॅरिसमध्ये पाचवी आली होती. 35 वर्षं वयाच्या वाइनने तिशीतल्या वाइनना मागे टाकलं.

यावरून बोर्दो कमी दर्जाचं ठरत नाही. दहा बाटल्यांच्या निकालावर एवढं मोठं विधान उभं राहत नाही. पण कोणती वाइन चांगली म्हातारी होईल याचं भाकीत करणं तज्ज्ञांनाही किती जड जातं, हे त्यातून दिसलं. तरीही बोर्दोचा मोठा व्यापार याच भाकितावर चालतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडलेल्या द्राक्षांची वाइन पुढच्या वसंतात, पिंपात असतानाच, समीक्षक चाखतात. बाटलीत भरायच्या कितीतरी आधी ती विकली जाते.

महाराष्ट्रात बाटली ठेवायची असेल तर

वाइन मुरण्यासाठी 12 ते 14 अंश सेल्सिअस तापमान, अंधार आणि थोडा ओलावा लागतो. बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात. उष्णता वाढली की सगळ्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, पण सारख्या प्रमाणात नाही. त्यामुळे पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली वाइन लवकर मुरत नाही, शिजते. बूच थोडं वर आलेलं किंवा मानेपाशी चिकट ओघळ असेल तर तसंच घडलेलं असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडेही ब्लेंड तयार होतात. अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' ही सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांची. अशी बाटली काही वर्षं ठेवून पाहायची असेल तर वाइनसाठीचा छोटा फ्रिज हवा. साध्या फ्रिजची हवा कोरडी असते, त्यात काही महिने चालेल, वर्षं नाही. जमल्यास एकाच वाइनच्या तीन बाटल्या घ्याव्यात आणि दर दोन वर्षांनी एक उघडावी. बदल कळायला याहून सोपा मार्ग नाही.

खूप जुनी बाटली उघडायची असेल तर ती आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो. बूच ठिसूळ झालेलं असतं, घाई केली तर तुकडे आत पडतात. एका हलक्या हाताने, न थांबता, दुसऱ्या भांड्यात ओता आणि मानेपाशी गाळ दिसू लागला की थांबा. तरुण वाइनला तासभर हवा दिली तर ती खुलते, जुनीला तेवढा वेळ देऊ नका. तिचे वास नाजूक असतात, कधी कधी अर्ध्या तासात उडून जातात. आणि वास भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आला, तर तो वयाचा नाही, बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या संयुगाचा. ती बाटली मुरायला ठेवली त्या दिवशीच गेलेली होती.