हडपसरचा माळ आणि रुग्णसेवेचा विनय

दिनांक १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे प्लेगच्या साथीत निधन झाले. प्रतिवर्षी त्या दिवशी आपण त्यांना अभिवादन करतो. परंतु त्यांच्या अखेरच्या कार्याकडे केवळ आत्मत्याग म्हणून पाहणे पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते. साथरोगात समाजाने कसे वागावे याचा एक विचार त्या कार्यात आहे. इतिहासाच्या आधारे तो तपासणे अगत्याचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्याचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे सापडला होता. तथापि तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे उलगडलेले नव्हते. उंदरावरील पिसू रोग पसरविते, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. साहजिकच सरकारी उपाययोजनेचा सारा रोख माणसांवर आणि त्यांच्या घरांवर राहिला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मार्चच्या मध्यापासून पुण्यात रँड यांच्या समितीने सैनिकांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या.

त्याचा परिणाम काय झाला? लोक रोगाइतकेच रुग्णालयाला भिऊ लागले. मुंबईत तर ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. घरातील रुग्ण लपविले जाऊ लागले. लक्षावधी लोक शहर सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. या पळापळीत पालिकेच्या अधिकाऱ्यांस मोठी धास्ती होती ती सफाई कामगार निघून जाण्याची. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले, त्यांच्याच हातांवर शहराचे आरोग्य उभे होते, ही कबुली त्या धास्तीत आपोआप मिळते.

याच सुमारास सावित्रीबाईंनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्याकरवी पुण्याबाहेर हडपसर परिसरात, ससाणे यांच्या माळावर, दवाखाना उघडविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि त्याच सेवेत त्यांना लागण झाली, असे चरित्रकार नमूद करतात. येथेही रुग्ण वस्तीपासून दूरच नेला जात होता. परंतु त्याला नेणारे हात शिपायाचे नव्हते, आपल्या माणसाचे होते. त्याला घेऊन जाणे म्हणजे त्याला टाकून देणे नव्हे, हे पाहणाऱ्यास कळत होते.

विनयपिटकाच्या महावग्गात या विचाराचे मूळ रूप दिसते. अतिसाराने ग्रस्त होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साह्याने स्वहस्ते स्नान घातले आणि त्याची उपेक्षा करणाऱ्या भिक्खूंना रुग्णसेवेची जबाबदारी समजावून दिली. त्याच प्रकरणात रुग्णाची आणि परिचारकाची लक्षणे सांगितली आहेत. रुग्णाने पथ्य सांभाळावे, औषध घ्यावे, आजार न लपवता खरा सांगावा; परिचारकाला औषधाची जाण असावी, त्याने किळस बाळगू नये, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांवर अवलंबून आहेत, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. जेथे परिचारकाकडे मैत्री नाही, तेथे रुग्ण सत्य सांगणार नाही. १८९७ च्या शासनाचे अपयश नेमके येथे होते.

विलगीकरण आणि अस्पृश्यता यांची गल्लत मात्र कोणी करू नये. विलगीकरणाचे कारण तपासता येते, त्याला मुदत असते आणि ते रुग्णाच्याही हिताचे असते. अस्पृश्यतेला कारण नाही, मुदत नाही. ती जन्मावर लादलेली आहे. म्हणूनच २०२० च्या कोरोना साथीत ‘सामाजिक अंतर’ हा शब्द आला तेव्हा अनेकांनी त्यास हरकत घेतली. अंतर शारीरिक असावे, सामाजिक नव्हे, हे म्हणणे योग्यच होते. त्या वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा लागू झाला आणि त्यानंतर हातावर पोट असणारे हजारो श्रमिक पायी गावाकडे निघाले. मुंबई सोडणाऱ्यांचे जुने चित्र पुन्हा दिसले.

पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. पण तयारी साथ येण्यापूर्वीच करावी लागते. वस्तीत एकटे वृद्ध कोण, नित्य औषधावर कोण, रोजी बुडताच कोणाची चूल विझेल, याची नोंद प्रत्येक विहाराजवळ असावी. उपासक-उपासिकांनी लसीविषयी आणि औषधाविषयी अफवा न मानता जाणकार डॉक्टरांचे मार्गदर्शन घ्यावे. सफाई कामगारांना संरक्षक साधने मिळावीत, हा आग्रह आपण आधी धरावा. सेवा करणाऱ्यानेही मुखपट्टी आणि हातांची स्वच्छता पाळावी. आज ज्ञान उपलब्ध असता परिचारकाने विनाकारण जीव गमवावा, असे सावित्रीबाईंच्या स्मृतीस अभिवादन करणाऱ्या कोणासही वाटणार नाही. करुणेला प्रज्ञेची जोड देणे, हाच या इतिहासाचा बोध आहे.