घरची बोली, चर्चची मराठी, नोकरीची इंग्रजी

भाषेचा अभिमान वेगळा आणि भाषेचा वापर वेगळा. अभिमान सभेत दिसतो. वापर घरात, बाजारात आणि मुलाला शाळेत घालताना दिसतो. या दोन्हींची ताटातूट कशी होते, हे समजून घ्यायचं तर वसईचा इतिहास पाहावा. या छोट्या तालुक्यात पोर्तुगीज आली आणि गेली, मराठी टिकली, इंग्रजी आली आणि वाढतेच आहे. या सगळ्यांच्या खाली इथल्या घरांतली जुनी बोली अजून श्वास घेते आहे.

ती बोली म्हणजे सामवेदी किंवा कादोडी. निर्मळ, गास, वाघोली, भुईगाव, गिरीज, नंदाखाल या पट्ट्यातले ख्रिस्ती शेतकरी ती बोलतात आणि सामवेदी ब्राह्मणही बोलतात. धर्म वेगळे झाले, बोली एकच राहिली. या ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कॉम्पाद्रे’वरून आला. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा बाप आणि धर्मबाप यांच्यात जे नातं जुळतं, त्याचं हे नाव. शेजारच्या गावांत वाडवळी आहे, किनाऱ्यावर कोळी बोली आहे. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात सामवेदी, वाडवळी आणि ठाणे जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांची बोली यांची मराठीच्या बोलींमध्ये नोंद आहे.

आता थोडं मागे जाऊ. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं इथे पोर्तुगीज राज्यकर्त्यांची भाषा होती. किल्ला, चर्च, मठ, कचेरी सगळीकडे ती होती. तरी ती शेतकऱ्याच्या घरची भाषा झाली नाही. राज्य गेलं आणि मागे शब्द उरले. बटाटा, पाव, पगार, चावी, साबण, बादली, तुरुंग हे शब्द आज सगळ्या महाराष्ट्राचे आहेत आणि ते पोर्तुगीजांकडून आले, हे आपल्या लक्षातही येत नाही. राज्य गेल्यावर त्या भाषेला इथे कामच उरलं नाही. जमिनीचे कागद पेशव्यांच्या अमलात मोडीत लिहिले जाऊ लागले आणि बाजार तर आधीपासूनच मराठी-गुजरातीचा होता.

गोव्याचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. तिथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ छापलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी होता, लिपी मात्र रोमन होती. लोकांच्या मनात शिरायचं तर लोकांच्या भाषेतून शिरावं, हे या परदेशी माणसाला कळलं होतं. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने उलटा हुकूम काढला. लोकांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी, असा तो हुकूम होता. आज गोव्याची राजभाषा कोकणी आहे. हुकमाने भाषा मरत नाही, तशी ती हुकमाने रुजतही नाही.

इंग्रजीची गोष्ट मात्र वेगळी झाली, कारण ती नुसता हुकूम घेऊन आली नाही, पगार घेऊन आली. मुंबई वाढली तशा कचेऱ्या, गोदी, रेल्वे आणि व्यापारी पेढ्या वाढल्या. माझगाव, वांद्रे आणि साष्टीतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची मुलं इंग्रजी शिकून कारकून झाली. त्याच नोकऱ्यांसाठी गोव्याचे कॅथलिकही मुंबईत येत होते आणि दोघांनाही ‘पोर्तुगीज’ म्हटलं जाई. आपण वेगळे, इंग्रज कंपनीचे जुने प्रजाजन आहोत हे ठसवण्यासाठी इथल्या लोकांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. एका समाजाने नोकरीच्या स्पर्धेत टिकण्यासाठी आपलं नावच ठरवून घेतलं, तिथे त्याने भाषाही निवडली तर नवल नाही. वांद्र्याच्या अनेक घरांत पुढच्या दोन-तीन पिढ्यांत इंग्रजी ही घरची भाषा झाली. जुनी मराठी बोली गावठाणात आणि लग्नाच्या गाण्यांत उरली.

इंग्रजी शिकली म्हणजे माणूस लोकांपासून तुटला, असंही समजू नये. माझगावात जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले आणि मग लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी झाले. लोकांनी त्यांना ‘काका’ म्हटलं. इंग्रजी त्यांचं हत्यार होतं.

वसईत काय झालं? खाडीच्या अलीकडे शेती होती. केळी, पान, भाजी, फुलं हा इथला धंदा. १८६७ साली विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. वसईकर मुंबईशी जोडला गेला, पण टोपली घेऊन जोडला गेला. इंग्रजीची गरज लागावी, असं त्याच्या कामात फारसं नव्हतं. तालुक्याची कचेरी, सातबारा, पतपेढी यांचं काम मराठीत चाले. शाळाही मराठी होती आणि ती बहुधा चर्चच्या सावलीत असे. मिस्सा लॅटिनमध्ये होई, पण प्रवचन आणि प्रार्थना लोकांच्या भाषेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषा वापरायला वाट करून दिली. त्या वेळी वसई आणि वांद्रे एकाच मुंबई धर्मप्रांतात होते. ठराव एकच, पण वांद्र्याच्या चर्चमध्ये इंग्रजी ठळक झाली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी. ज्या गावात जी भाषा आधीपासून कामाला होती, ती वेदीपर्यंत पोहोचली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला होता, यातच सारं आलं.

नंदाखालच्या संत जोसेफ मराठी हायस्कुलात शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच मातीतले. १९८३ ते २००७ ही चोवीस वर्षं त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं. हिरवी वसई वाचवण्याच्या चळवळीत ते लोकांशी मराठीत बोलले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. २०२४ मध्ये ते गेले. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिकाही याच परिसराने मराठीला दिल्या.

इथवर ही मराठीच्या विजयाची कथा वाटेल. पण तिची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो इतिहास अर्धा राहील. वसईच्या शाळेत मराठी आली, तेव्हा कादोडी बाकाखाली ढकलली गेली. पुस्तकातली मराठी ‘शुद्ध’ आणि घरची बोली ‘गावठी’, हे मुलाने शाळेतच शिकून घेतलं. वर्गात चुकून घरचा शब्द निघाला तर हशा पिकायचा. तोच मुलगा मोठा होऊन मुंबईच्या कचेरीत गेला, तेव्हा त्याला कळलं की ज्या मराठीसाठी आपण बोली लपवली, ती मराठीही इथे खालच्या पायरीवर उभी आहे. मग त्याने आपल्या मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. तीन पायऱ्यांचा हा जिना आहे, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस वर बघतो आणि खालच्या पायरीला लाजतो.

हा जिना वसईपुरता नाही. पाकिस्तानात तो फार ठळक दिसतो. उर्दू ही तिथली राष्ट्रभाषा, पण २०२३च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे ९ टक्के आणि पंजाबी सांगणारे सुमारे ३७ टक्के आहेत. पंजाबमधल्या अनेक शिकल्या घरांत मुलांशी पंजाबी टाळून उर्दू बोलली जाते. मुलगा वरच्या नोकरीकडे निघाला की उर्दूही मागे पडते आणि इंग्रजी पुढे येते. १९७३च्या राज्यघटनेने पंधरा वर्षांत उर्दू कारभारात आणायचं ठरवलं. ती मुदत केव्हाच उलटली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तसा आदेश दिला, तरी वरच्या न्यायालयांत आणि मोठ्या सरकारी परीक्षांत इंग्रजीचाच दबदबा राहिला. त्याआधी १९४८ मध्ये ढाक्यात जिनांनी उर्दू हीच एकमेव राष्ट्रभाषा असेल असं बजावलं. त्यातून बंगाली भाषेचं आंदोलन पेटलं आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये तिथे गोळीबारात तरुण मारले गेले.

यातला बाप दुटप्पी आहे का? मुशायऱ्यात उर्दूला दाद देणारा आणि मुलाला इंग्रजी शाळेत घालणारा लाहोरचा बाप, आणि मराठी दिनाला टाळ्या वाजवून तेच करणारा वसईचा बाप, हे सख्खे भाऊच. त्यांचं भाषेवर प्रेम नाही असं नाही. मुलाच्या पोटाचा हिशेब त्यांनी केलेला आहे, आणि तो हिशेब सरसकट चुकीचा म्हणता येत नाही.

आजची वसई त्या जुन्या गावांची राहिलेली नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. रिक्षात, दुकानात हिंदी चालते, शाळेच्या पाटीवर इंग्रजी दिसते. सरकारने २०२० साली सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण मान मिळाल्याने भाषेला काम मिळतं असं नाही. दवाखान्यातला कागद, बँकेचा अर्ज, न्यायालयाचा निकाल, घराचा करारनामा हे जेव्हा सोप्या मराठीत हाती पडतील, तेव्हा बापाचा हिशेब बदलेल.

आणि कादोडीचं काय? अलीकडे तरुण मुलं तिच्यात गाणी करू लागली आहेत, अंक काढू लागली आहेत. ज्या बोलीला आजोबा लाजले, तिच्यात नातू लिहू पाहतो आहे. त्या लिहिण्याला शुद्धलेखनाची पट्टी लावून हसू नये, एवढं तरी आपण मराठी बोलणाऱ्यांनी पाळायला हवं. इंग्रजीने आपल्याला कमी लेखलं म्हणून आपल्याला राग येतो. तोच राग वसईच्या एखाद्या घरात आपल्याविषयीही असू शकतो.