इमारतीबाहेर वाढलेले रुग्णालय : जामखेड प्रकल्पाची वाटचाल

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९६२ साली नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात रुजू झाले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. रजनीकांत नगर जिल्ह्यातच वाढलेले असल्याने इथली माणसे आणि इथली कोरडवाहू शेती त्यांना परकी नव्हती. चार वर्षांत रुग्णालयाचा लौकिक वाढला, तरी बरे करून घरी पाठवलेले मूल पुन्हा जुलाबाने बेजार होऊन दारात येई. दूषित पाणी आणि अपुरे अन्न यांतून उद्भवणारे बहुतेक आजार गावातच टाळता आले असते. हा अनुभव घेऊन दोघे उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. १९७० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतल्यावर त्यांनी मायदेशी परतण्यासाठी जाणीवपूर्वक अवर्षणग्रस्त मुलूख निवडला.

नगर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवरील जामखेडच्या पुढाऱ्यांनी त्यांना जागा देऊ केली. ती म्हणजे गुरांचा जुना दवाखाना. तिथेच १९७० साली समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे काम सुरू झाले. लोकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव ‘आरोळे हॉस्पिटल’ असेच राहिले. आरंभी आजूबाजूची आठ गावे कामासाठी घेतली होती.

दोनच वर्षांत १९७२चा दुष्काळ आला.  आजच्या जालना जिल्ह्यातील वाटूर-परतूरपासून जामखेड-आष्टीपर्यंत सगळ्या टापूत विहिरी आटल्या आणि माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. अशा वेळी गोळ्या-औषधांनी कोणाचे पोट भरणार नव्हते. प्रकल्पाने मुलांसाठी अन्नछत्रे चालवली आणि गावोगाव कूपनलिका खोदून हातपंप बसवले. हे पंप शक्यतो दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला गेला. पाण्यासाठी सवर्ण बायांनाही त्या वस्तीत यावे लागले. पाण्याच्या प्रश्नावर काम करताना शिवाशिवीलाही हात घातला गेला, आणि संस्थेच्या इतिहासातील हा निर्णय कोणत्याही शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा मानावा लागेल.

मात्र सुरुवातीची एक योजना फसली. प्रशिक्षित परिचारिकांना गावात मुक्कामी ठेवण्याचा प्रयत्न टिकला नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलींना एकटे राहणे जड जाई, आणि गावातील बायाही त्यांच्याजवळ मन मोकळे करीत नसत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि संस्थेने तिला शिकवावे, असे ठरले. निवडून आलेल्या बहुतेक जणी निरक्षर होत्या. कित्येक दलित, कित्येक विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. जुलाबावर घरी मीठ, साखर आणि पाणी किती घ्यायचे, गरोदर बाईची तपासणी कशी करायची, नाळ कापताना स्वच्छता कशी राखायची, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा कसा ओळखायचा, हे सारे त्या शिकल्या. गावात परतल्यावर त्यांनी ते शेजारणीला शिकवले. ज्यांना पूर्वी कोणी ओट्यावर बसू दिले नसते, त्यांना रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी बोलावणी येऊ लागली. जवळक्याच्या सरूबाई साळवे यांच्यासारख्या सेविकांची दखल पुढे डिसेंबर २००८च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने घेतली, तर मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत व्यासपीठावर उभ्या राहिल्या.

सेविकांच्या पाठीशी दोन आधार होते : महिला मंडळे आणि तरुण शेतकरी मंडळे. सर्वेक्षण, वृक्षलागवड, बांधबंदिस्ती, बालवाड्या ही कामे त्यांनी उचलली. कुष्ठरुग्णांना वेगळ्या वसाहतीत न धाडता घरी ठेवूनच उपचार दिले गेले. जामखेडचे रुग्णालय अवघड बाळंतपणे, शस्त्रक्रिया आणि गंभीर आजार यांसाठी मोकळे राहिले. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ साली हे प्रमाण ५२वर आले. अवघ्या पाच वर्षांत झालेल्या या बदलाचे श्रेय प्रामुख्याने त्या सेविकांचे आहे. पुढे गावांची संख्या सत्तरवर गेली आणि अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसराच्या आदिवासी पाड्यांतही काम पोहोचले.

या कामाची नोंद जगाने लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५च्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला. १९७८ साली आल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० साली पद्मभूषण मिळाले. १९९४ साली प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी तिथे येतात, आणि त्यांच्या शिक्षकांमध्ये कधी शाळेची पायरी न चढलेल्या सेविकाही असतात.

१९९९ साली डॉ. मेबल यांचे आणि मे २०११मध्ये डॉ. रजनीकांत यांचे निधन झाले. संस्थापकांच्या पश्चात असे काम कोलमडते, असा अनेक संस्थांचा अनुभव आहे. इथे कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी सहकाऱ्यांसह सूत्रे सांभाळली. मधुमेह, रक्तदाब, मानसिक आजार, किशोरवयीन मुलींचे शिक्षण हे विषय कामात आले, तर कृत्रिम पायांची कार्यशाळा आजही चालते.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ योजना आली. गावचीच बाई, गावासाठी, ही तिची मांडणी ज्या जुन्या प्रयोगांवर उभी राहिली, त्यांत जामखेडचे नाव अग्रभागी आहे. आज वाटूरमध्येही बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन घेणारी आशाताई त्याच विचाराने काम करते.